पाय पोटाशी घेतलेलं बाळ

आमच्या गावातली निम्मी पोरं माझ्या हातची न्हालेली आहेत. बाळंतीण घरी आली की दुसऱ्या दिवशी मला निरोप यायचा. मग सव्वा महिना रोज सकाळी जायचं, बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं. या कामात माझं नाव होतं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या नावापायीच घडलं.

मी गयाबाई. वय सत्तरीच्या आसपास. शाळा चौथीपर्यंत. गाव शिरूर कासारच्या बाजूला, माळावरचं. आमच्या घरात पहिल्यापासून मेंढरं. आता वीसेक शेळ्या-मेंढ्या उरल्या आहेत, त्या मीच बघते. मुलगा बाळू ऊसतोडीला जातो, दसरा झाला की निघतो आणि उन्हाळ्यात येतो. सून सारिका, चकलांब्याची. नातू शिवांश. हे नाव सुनेनं मोबाइलवर बघून ठेवलं. मी त्याला बापू म्हणते.

बापूच्या हृदयात जन्मापासून दोष होता आणि तो साडेतीन महिन्यांचा होईपर्यंत आम्हाला कळला नाही. आता तो दोन वर्षांचा आहे आणि शेळ्यांच्या मागे पळतो. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, तुमच्या तोंडून बायका ऐकतील, लिहून द्या. म्हणून लिहिते. औषधांची नावं मला येत नाहीत, ती डॉक्टरांना विचारा.

आंघोळ

सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाळ सरकारी दवाखान्यात झालं. वजन बरं होतं, रडलं वेळेवर, सगळं ठीक आहे म्हणून घरी सोडलं. दोन महिन्यांनी, बाळू तोडीला निघाला त्याच आठवड्यात मी तिला घरी घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून बापूची आंघोळ माझ्याकडे घेतली. सव्वा महिना उलटला होता, पण स्वतःच्या नातवाला काय मोजायचं.

माझी रीत अशी. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि बाळाला पोटऱ्यांवर निजवायचं. टाळूवर तेल भरायचं. अंग चोळायचं. दोन्ही हात छातीवर आडवे करून ताणायचे. मग दोन्ही गुडघे दाबून पाय सरळ ओढायचे, नाहीतर पोर पुढे फेंगडं चालतं असं मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. पाणी कढत पाहिजे. आंघोळ झाली की ओवा-शेपाची धुरी, आणि मग पाय सरळ ठेवून बाळोत्यात घट्ट गुंडाळायचं.

बापू फार रडायचा. रडता रडता काळानिळा व्हायचा, मग एकदम गप व्हायचा आणि मान टाकून झोपायचा. तीन-तीन तास हलायचा नाही. मी आळीत सांगायचे, पोरगं बघा कसं झोपतंय, हाताला गुण हाय. न्हाल्यावर सगळीच पोरं झोपतात, हे झोपणं वेगळं होतं, आणि ते मला कळलं नाही.

सारिका एकदा म्हणाली, "आत्या, ह्याचे ओठ निळे पडतेत."

मी म्हणाले, थंडी हाय. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सांगितलं की तो आजोबांच्या रंगावर गेला आहे. आमचे मालक सावळे होते. मग तिनं ओठांचं नाव काढलं नाही.

दूध पितानाही तो चार घोट घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा चार घोट, पुन्हा थांबायचा. कपाळावर घाम. थंडीच्या दिवसांत. मी सुनेला म्हणाले तुझं दूध पातळ आहे, आणि तिला डिंकाचे लाडू करून घातले. ते तिनं मुकाट्यानं खाल्ले.

सारिकाची एक सवय मला खटकायची. ती बापूला मुटकुळं करून धरायची. दोन्ही गुडघे त्याच्या पोटाशी दुमडून, स्वतःच्या छातीशी आवळून. मी दिसले की पाय सोडायची, माझी पाठ वळली की पुन्हा दुमडायची. मी बोलायचे. "गाठोडं बांधती का पोराचं? पाय वाकडे होतील." आणि तिच्या हातातून घेऊन पाय सरळ करायचे. ती उलटून बोलणारी नाही. नुसती उभी राहायची. मला वाटायचं हट्टी आहे.

एका सकाळी मात्र ती तिसऱ्यांदा बोलली. बापू पाटावरच गप झाला होता आणि ओठ जांभळ्या रंगाचे दिसत होते. ती म्हणाली, "कावून एवढं ओढता त्याला? माझी आई नुसतं पाणी घालायची. तिकडं असा व्हायचा न्हाई."

माझ्या हाताला कुणी असं बोललं नव्हतं. मी म्हणाले, मग जा तिकडं. ती खरोखर गेली. पिशवी घेतली, बाळ घेतलं आणि दहाच्या एसटीनं चकलांब्याला गेली.

चार दिवसांनी मी आणायला गेले. आळीत लोक विचारायला लागले होते. तिच्या आईनं चहा केला. मी तिच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या चकलांब्याला पोरं धुतेत. आमच्याकडं न्हाऊ घालतेत." ती बिचारी काय बोलणार, लेक दिलेली. तिनं सारिकाची पिशवी भरून दिली. त्यानंतर आणखी पंधरा-सोळा दिवस बापू माझ्या हाताखाली न्हाला.

अंगणवाडी

अंगणवाडीत पोरं तपासायला सरकारी गाडी येते. त्या दिवशी अंगणवाडीच्या बाई सगळ्यांना बोलवत होत्या. सारिका निघाली तर मीही निघाले. मला वाटलं डॉक्टर बाळाचं अंग बघून विचारतील, कुणाच्या हातचं आहे.

डॉक्टर बाई वयानं सारिकापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी बाळाचं वजन केलं आणि कपाळाला आठी घातली. वजन जन्मापेक्षा फारसं वाढलं नव्हतं. झोप कशी आहे, विचारलं. मीच उत्तर दिलं, न्हाऊ घातलं की तीन तास हलत न्हाई. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आंघोळीत रंग बदलतो का, विचारलं. मी म्हणाले, रडलं की कोणतंही पोर रंग बदलतं.

मग त्यांनी कानाला नळी लावून छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. नळीचा गारवा लागून बापू उठला आणि रडायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर तो निळा होत गेला. मी त्याला मांडीवर आडवा घेतला आणि शांत व्हावा म्हणून पाय सरळ केले.

सारिकानं तो माझ्या मांडीवरून उचलून घेतला. विचारलं नाही. इतक्या दिवसांत तिनं माझ्या हातून कधी काही काढून घेतलं नव्हतं. तिनं त्याचे दोन्ही गुडघे पोटाशी दुमडले, छातीशी आवळला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "असंच धरा. अजिबात सोडू नका."

अंगणवाडीत दहा-बारा बायका होत्या. सगळ्या जवळ सरकल्या. हळूहळू बापूचं रडणं कमी झालं आणि ओठांचा रंग थोडा निवळला. डॉक्टर बाईंनी सारिकाच्या हातातच त्याचं तोंड उघडून हिरड्या बघितल्या, नखं बघितली. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"मग असं का धरता?"

"असं धरलं की त्याला बरं वाटतं."

"कधीपासून धरता?"

"हितं आल्यापासून," सारिका म्हणाली. "चोरून."

ती माझ्याकडे बघून बोलली नाही. पण ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर बाईंनी सांगितलं की या आजारात बाळ निळं पडलं की दवाखान्यातसुद्धा सगळ्यात आधी हेच करतात. गुडघे पोटाशी घेतले की रक्त फुप्फुसाकडे वळतं. पाय ओढले, कढत पाणी घातलं, रडवलं, की उलट होतं. आणि रडून गप होऊन मान टाकणं ही झोप नसते. बाळाची शुद्ध हरपलेली असते.

मग त्यांनी बापूच्या पायाच्या अंगठ्याला चिमटीचं मशीन लावलं. आकडा चौऱ्याहत्तर. स्वतःच्या बोटाला लावून बघितलं, अठ्ठ्याण्णव. पुन्हा बापूला लावलं, त्र्याहत्तर.

ही चिमटी कोरोनात आमच्या सगळ्या गावानं बघितली आहे. आमच्या मालकांना बीडला नेलं तेव्हा आकडा अठ्ठ्याहत्तर होता. ते परत आले नाहीत. त्यामुळे त्र्याहत्तर म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

हिरडी

त्याच दुपारी अँब्युलन्सनं आम्हाला बीडला नेलं. सारिका बाळाला तसंच दुमडून धरून बसली होती. मी समोरच्या बाकावर. त्या रस्त्यावर मला एकच गोष्ट आठवत राहिली, ती सांगते.

कोकरू मलूल झालं, आईला लुचता लुचता थांबायला लागलं, तर आम्ही पहिल्यांदा त्याचा ओठ वर करून हिरडी बघतो. पापणी उलटून आतली बाजू बघतो. गुलाबी आहे की फिक्की आहे. केसाळ जनावर, बाहेरून काही कळत नाही, म्हणून आत बघायचं. हे मी सात-आठ वर्षांची असल्यापासून करते. माझ्या कळपातलं कोकरू चार घोट पिऊन थांबलं असतं तर मी त्याच दिवशी हिरडी बघितली असती.

नातवाची बघितली नाही. त्याला मी तेल लावत होते.

बीड

दवाखान्याचं काय सांगायचं. तिथे रांग असते, कागद असतो, आणि कागदावर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला असतो. बापूला नाकाशी ऑक्सिजनची नळी लावून वॉर्डात ठेवलं. पहिले दोन दिवस नुसती तपासणी. तिसऱ्या दिवशी मोठ्या गावाहून हृदयाचे डॉक्टर येणार होते, ते टूडी करणार होते. टूडी म्हणजे छातीवर गार मलम लावून पडद्यावर हृदय बघतात. दुखत नाही. पण बाळ शांत पाहिजे, आणि हे बाळ रडलं तर निळं पडणार. सारिकानं त्याला पाजत पाजत झोपवलं आणि स्वतः त्या खाटेवर त्याच्या बाजूला वाकून राहिली, एका अंगावर, पाऊण तास. तिची कंबर धरली होती, नंतर तिला सरळ उभं राहता येईना.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे हृदय काढून दाखवलं. मला समजलं ते असं. हृदयात दोन बाजू असतात, एक काळ्या रक्ताची, एक लाल रक्ताची. मधल्या भिंतीला भोक आहे. आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, म्हणून काळं रक्त तिकडे न जाता भोकातून लाल रक्तात मिसळतं. आणखी दोन दोष होते, ते या दोन्हींमुळेच होतात असं म्हणाले. ऑपरेशन लागेल, हृदय उघडून करावं लागेल, पण लगेच नाही. वजन वाढायला पाहिजे. तोवर औषध, आणि सांभाळायचं.

सारिका बाहेर गेली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. न्हाऊ कसं घालत होते ते सगळं सांगितलं, पाय ओढायचं, कढत पाण्याचं, धुरीचं, गुंडाळायचं. विचारलं, माझ्यामुळं झालं का?

ते म्हणाले, "नाही आजी. हे पोटात असतानाच झालेलं आहे. तुमच्यामुळे झालेलं नाही, आईमुळेही नाही."

मी उठत होते. ते पुढे म्हणाले, "पण त्या आंघोळीत बाळ कधीही गेलं असतं. रोज."

त्यांनी हे सांगितलं म्हणून मला तो माणूस आवडला. बाकीचे सगळे मला पाणी देत होते आणि काळजी करू नका म्हणत होते.

बाळू

बाळू कोल्हापूरकडच्या कारखान्यावरून दोन दिवसांनी आला. अंगावर उसाच्या पाल्याचे ओरखडे, डोळे लाल. वॉर्डात पुरुषांना वेळेशिवाय सोडत नाहीत, म्हणून आम्ही तिघं खाली पिंपळाच्या पारावर बसलो. बाळाजवळ नर्स होती.

त्याला कुणावर तरी रागवायचं होतं. मी समोर असताना तो बायकोवरच रागावला. चकलांब्याला दोन महिने होती तेव्हा काय डोळे मिटून होती का, तुझ्या आईला कळालं न्हाई का, तुमच्या घरात कुणाला असलं होतं का. सारिका जमिनीकडे बघत होती.

मला गप बसता आलं असतं. आमच्या घरात मी बोलले नसते तर ते तसंच चाललं असतं, सारिका स्वतःहून कधी बोलली नसती, आणि आळीतही तेच पसरलं असतं की दोष माहेरचा.

मी म्हणाले, "बाळू, हिनं पोरगं वाचवलं. मी त्याचे पाय ओढत होते, ही दुमडत होती. मी हिला शिव्या देत होते. चकलांब्याला गेली होती ती त्याच्यासाठीच. मी ओढून आणली."

बाळूनं विचारलं, "तुला म्हणली नव्हती का ही?"

"म्हणली होती. तीनदा."

तो उठला आणि चहा आणायला गेला. आला तेव्हा दोनच कप होते. एक सारिकाला दिला, एक स्वतः घेतला. मला वाटतं ते बरोबरच होतं. थोड्या वेळानं सारिकानं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मी पिला.

रडू द्यायचं नाही

पाच महिने आम्ही ऑपरेशनची वाट बघितली. औषध दिवसातून तीनदा, वेळ चुकवायची नाही. अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. पाजायचं थोडं थोडं, दमला की थांबायचं. निळा पडला की गुडघे पोटाशी, आणि दहा-पंधरा मिनिटांत निवळला नाही तर दवाखाना. आणि शक्यतो रडू द्यायचं नाही.

पोराला रडू न देणं हे लिहायला सोपं आहे. घरात भांडं पडायचं नाही. शेजारच्या शांताबाईचा आवाज मोठा, ती फाटकातून बोलायला लागली की मी हातानं खुणा करायचे. ती म्हणायची, "अगं मी काय वाघ हाय का?" तरी फाटकात आल्यावर हळू बोलायला शिकली, आणि तिचं कुजबुजणं तिच्या ओरडण्याइतकंच मोठं होतं. बापू त्यालाच हसायचा.

लोकांनी खूप सांगितलं. कुणी कपिलधारला देवाच्या धबधब्याखाली धरा म्हणालं. मी म्हणाले, गार पाणी पडलं की रडेल, रडलं की निळा पडेल, देवालाही पटणार न्हाई. एक बाई पोटाला बिब्ब्याच्या चटक्याच्या फुल्या द्या म्हणाली. तिला मी घराबाहेर काढलं. मी काही फार शहाणी झाले होते असं नाही, मला नुसती भीती वाटत होती. भीतीचा मला तेवढा उपयोग झाला.

आंघोळ सारिका घालायची. कोमट पाणी, ओला फडका, दोन मिनिटं. पाणी मी तापवून द्यायचे आणि तिच्या हातावर ओतून दाखवायचे. ती "हां" म्हणाली की मी बादली उचलायचे. पंचवीस वर्षं मी लोकांना पाणी किती तापवायचं ते सांगत आले होते. त्या पाच महिन्यांत तिनं मला बापूला न्हाऊ घालायला एकदाही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दोनदा झटका आला. एकदा मी एकटी होते. सारिका पाण्याला गेली होती. बापू पाळण्यात रडता रडता निळा झाला. मी त्याला उचलला, गुडघे पोटाशी घेतले, छातीशी आवळला. माझे हात जुन्या सवयीचे, अंगठे आपोआप त्याच्या गुडघ्यांवर दाबायला गेले. मी ते काढले आणि दुमडून धरला. सारिका येईपर्यंत तो निवळला होता. तिनं मला बघितलं, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "थोडं वर धरा, आत्या." मी थोडं वर धरलं.

पुणे

ऑपरेशन पुण्याला झालं. बापू तेव्हा साडेआठ महिन्यांचा होता. बाळूही तोडीवरून आला होता. सकाळी सातला बाळ आत नेलं. कागदावर बाळूनं सही केली. त्यावर काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं होतं. मी वाचलं. मला वाचता येतं ही त्या दिवशी चांगली गोष्ट नव्हती.

बसायच्या जागेत सगळे आमच्यासारखेच. कुणी जप करत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. मी काही केलं नाही. दारावरच्या वॉचमननं विचारलं, कुठलं गाव? मी सांगितलं. तो पाटोद्याचा निघाला, आमच्या बाजूचाच. म्हणाला, "मावशी, तो लाल दिवा विझला तरी लगेच उठू नका. विझल्यावर बी अर्धा तास लागतो. लोकं उगं घाबरतेत." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दिवा विझला तेव्हा आजूबाजूची दोन माणसं ताडकन उठली. मी बसून राहिले.

दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टर आले आणि ठीक आहे म्हणाले. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, असंही म्हणाले. बापूला काचेतून बघितला. तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, मधोमध पट्टी. आणि ओठ गुलाबी. ओठांचा खरा रंग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. सारिका काचेला कपाळ लावून उभी होती. म्हणाली, "आत्या, ह्याचे पाय सरळ हायेत."

खरंच, त्याचे पाय सरळ पसरलेले होते, औषधानं गुंगीत होता म्हणून. तिला ते बघवत नव्हतं. मी म्हणाले, आता ओढले तरी काही होत न्हाई. ती म्हणाली, माहीत हाय. तरी तिथून हलली नाही.

शेजारच्या खाटेवर परभणीकडचं एक बाळ होतं, मुलगी, त्याच आजाराची. ती चौथ्या दिवशी गेली. तिच्या आजीची आणि माझी थोडी ओळख झाली होती. तिनं जाताना आपली घडी घातलेली बाळोती मला दिली. म्हणाली, नवी आहेत. मी घेतली. दुसरं काय करणार होते.

उचलायची रीत

घरी सोडताना नर्सनं आम्हाला बाळ उचलायला शिकवलं. छातीचं हाड जुळायला दीड महिना लागतो. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, आणि खोरं भरल्यासारखं उचलायचं. मला ती म्हणाली, आजी, तुम्ही करून दाखवा. मी चुकले. पुन्हा केलं. पुन्हा चुकले, डावा हात काखेत गेला. चौथ्यांदा जमलं. ती म्हणाली, "छान. घरी तुम्हीच सगळ्यांना शिकवा."

सारिका हसली. मोठ्यानं नाही. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं असं नाही, पण माझ्याकडे बघून पहिल्यांदाच.

आता

बायका अजून मला न्हाऊ घालायला बोलावतात. मी जाते. पण तेल हातात घ्यायच्या आधी बाळाला उजेडात नेते, ओठ वर करते, हिरडी बघते. नखं बघते. आईला विचारते, पिताना थांबतं का, घाम येतो का, रडून गप होतं तेव्हा मान टाकतं का. पाय ओढत नाही आणि पाणी कढत घेत नाही. काही वेगळं वाटलं तर अंगणवाडीच्या बाईंना सांगते, त्या गाडीवाल्या डॉक्टरांना फोन करतात. आतापर्यंत तीन बाळांना बीडला पाठवलं. एकाला हृदयात लहान भोक निघालं, औषधावर आहे. दोघांना काही निघालं नाही. त्यांच्या घरच्यांनी मला नावं ठेवली. ठेवू द्या.

एका घरी सासू मला म्हणाली, "माझी नात हाय ती. कोकरू समजली का तुमी?"

मी म्हणाले, "कोकरू असतं तर माझ्या घरी चूक झाली नसती."

तुमच्या घरी बाळाची आई काही म्हणत असेल तर ऐका. ती वीस वर्षांची असेल, तिला कारण सांगता येत नसेल, पण बाळ तिच्या अंगाला लागून असतं. मला तीनदा सांगितलं गेलं होतं. एवढंच मला सांगायचं होतं.

बापू आता पळतो, पडतो, गळा फाटेपर्यंत रडतो, आणि रडल्यावर लाल होतो. छातीवर उभा व्रण आहे. दर सहा महिन्यांनी तपासायला न्यावं लागतं. दुपारी सारिका शेतात गेली की त्याला माझ्याजवळ टाकून जाते. झोपला की तो अजूनही दोन्ही गुडघे पोटाशी घेतो. डॉक्टर म्हणाले, आता त्याची गरज नाही, नुसती सवय आहे, मोठा झाला की जाईल.

मी पांघरूण घालते. पाय सरळ करत नाही.